ब्राइसच्या नावाचा फोल्डर

लाइल पेल्टोलाचा मेल बंद पडलाय हे मला पेस्टीच्या दुकानात कळलं. तेसुद्धा लाइलकडून नाही, ब्राइस हॉलंडरकडून. हा गृहस्थ रांगेत माझ्यापुढे उभा होता आणि दोन पेस्टी बांधून मागत होता, सोबत वाटीभर रस्सा. आमच्या गावात पेस्टीवर, म्हणजे त्या मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंजीवर, केचप घेतात. ज्याला रस्साच लागतो त्याने तो आपल्या घरी पडदे ओढून खावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

"रूडी!" मला बघून त्याने हाक मारली, जणू आम्ही एका बाकावर बसून शाळा शिकलो होतो. "लाइलकडेच चाललोय. त्याने नवी लिनक्स घातली आणि मेलचा प्रोग्राम कोराच उघडायला लागलाय. एक मेल शिल्लक दिसत नाही. परवापासून आम्ही दोघं त्याच्या मागे लागलोय. काय मजा येतेय म्हणून सांगू!"

आम्ही दोघं! हे दोन शब्द मी घरी पोचेपर्यंत घोळवत होतो. माझी पेस्टी गाडीतच गार झाली.

लाइल माझा मित्र आहे. आम्ही दोघांनी काउंटीच्या बर्फ काढायच्या गाड्या चालवण्यात जन्म घालवला. तो पुढच्या गाडीवर असायचा, मी मागच्या. निवृत्तीनंतर त्याचा कॉम्प्युटर म्हातारा होऊन कुंथायला लागला तेव्हा तो फेकायला निघालेल्या लाइलचा हात धरला तो मी. त्याच्यावर लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली, घातली ती मी. ज्याने ही लिनक्स पहिल्यांदा लिहिली तो आमच्या आजोबांच्या देशाचा, फिनलंडचा, त्यामुळे आमच्या गावात तिचं कौतुक जरा घरच्या लेकीसारखंच आहे. गावच्या वाचनालयाच्या तळघरात लिनक्सवाल्यांचा क्लब भरतो, तोही मीच सुरू केला. आणि लाइलकडे माझं जाणं-येणं किती? तर मला गेली वर्षं त्याच्या कॉम्प्युटरच्या दुखण्यांवरून आठवतात. प्रिंटर रुसला तो हिवाळा. आवाज गेला तो उन्हाळा. कीबोर्डवर कॉफी सांडली ते अॅर्डिसच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गुडघ्याच्या ऑपरेशनचं वर्ष. फोन वाजायचा, "रूडी, हे परत काहीतरी करतंय," आणि मी बूट चढवून निघायचो. सांगा, याला मैत्री नाही तर काय म्हणतात?

ब्राइस आला तो दक्षिणेकडून, मोठ्या पुलाच्या पलीकडून. तिकडचे लोक पुलाच्या खालच्या अंगाला राहतात, म्हणून त्यांना आम्ही पुलाखालची भुतं म्हणतो. निवृत्त होऊन त्याने कालव्याकाठी घर घेतलं, एकटाच राहतो, आणि आल्या महिन्यात क्लबात हजर. तिथे भिंतीवर वाचनालयाच्या बाईंनी एक पाटी लावलेली आहे: 'कीबोर्ड ज्याचा, बोटं त्याची.' म्हणजे शिकवणाऱ्याने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, नुसतं तोंडाने सांगायचं. क्लब माझा असल्यामुळे मी ती पाटी माझ्यासाठी आहे असं कधी धरलं नाही. समोरचा एकेक अक्षर शोधत बसणार, मी बघत बसणार, आणि तेवढ्यात वसंत ऋतू येणार. त्यापेक्षा "सरक जरा" म्हणावं, बसावं, खटाखट चार ओळी माराव्यात आणि उठावं. लाइलकडे तर माझी रीतच होती. मी म्हणायचो "सरक", तो उठून कॉफी करायला जायचा, आणि ती गाळून होईपर्यंत माझं काम उरकलेलं असायचं.

ब्राइस मात्र पहिल्या दिवसापासून त्या पाटीखाली जाऊन बसला आणि दोन्ही तळवे मांडीखाली घातले. सगळ्या म्हाताऱ्या लगेच त्याच्याभोवती जमल्या. म्हाताऱ्यांचं मला काही नाही. पण महिना-दोन महिन्यांनी बघतो तर लाइलही तिथेच.

तर मी घरी आलो आणि फोनजवळची खुर्ची धरली.

लाइलच्या मेलला काय झालं असणार हे मला न बघता कळलं होतं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क दोन आहेत. पहिली भरत आली होती म्हणून मी माझ्याकडची एक जुनी डिस्क आत बसवून दिली आणि त्याचं मेलचं सगळं बिऱ्हाड तिच्यावर हलवलं. नवी लिनक्स घातली की पहिल्या डिस्कवरची व्यवस्था पुसली जाते आणि दुसरी डिस्क आहे हे कॉम्प्युटरला कोणी सांगितल्याशिवाय तो तिच्याकडे ढुंकून बघत नाही. प्रोग्राम बिचारा नेहमीच्या जागी बघतो, तिथे काही नसतं, मग म्हणतो, 'या, नवीन खातं उघडा.' मेल कुठे गेलेला नसतो. आतल्या खोलीत असतो आणि दार लोटलेलं असतं. हे एवढंच. पण ती डिस्क मी बसवली हे फक्त मला माहीत होतं. लाइलला सांगितलं होतं, पण तेव्हा तो कॉफी करत होता.

आणि लाइलचा मेल जुन्या पद्धतीचा आहे. एकदा घरच्या कॉम्प्युटरवर उतरला की कंपनीकडे त्याची प्रत राहत नाही. त्यात नेमकी महिनाअखेरीला गावची हिवाळी जत्रा. जत्रेत बायकोला खांद्यावर टाकून बर्फातून पळायची शर्यत असते, तिची सगळी व्यवस्था लाइल बघतो. कोणती जोडी येणार, कोण कुणाला उचलणार, सगळं त्याच्या मेलमध्ये. म्हणजे तो अडलेला होता. गळ्यापर्यंत अडलेला होता.

"मग फोन कर ना त्याला," अॅर्डिस विणता विणता म्हणाली.

"मी का करू? अडलाय तो. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. येईल."

"म्हणजे गाढव तू ना?"

मी खिडकीचा पडदा आणखी सारला.

"नाही, मी आपलं विचारलं," ती म्हणाली. "कधीपासनं तू त्या खिडकीत उभा आहेस. तो तिकडे अडलाय म्हणतोस, आणि येरझाऱ्या तूच घालतोयस."

"त्या भुताला काही येत नाही, अॅर्डिस! नुसता गोड बोलतो. 'लाइल, तुला काय वाटतं? लाइल, इथे काय दिसतंय?' अरे, त्याला काय वाटायचंय? बर्फाच्या गाडीवरचा माणूस तो."

"तू कुठल्या गाडीवर होतास?"

संध्याकाळ झाली, फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी वाजला तो दातांच्या दवाखान्यातून. खरं सांगायचं तर तो ब्राइस हरावा अशी माझी मनापासून इच्छा होती. लाइलचे मेल कायमचे गेले तरी चालतील असं नाही, पण अजून दोन दिवस सापडू नयेत, ब्राइसने कपाळाला हात लावावा, लाइलने म्हणावं, "छे, याला रूडीच पाहिजे." हे दृश्य मी खिडकीत उभा राहून इतक्या वेळा बघितलं की मला त्यातला लाइलचा स्वेटरसुद्धा पाठ झाला.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. लाइलचं बर्फ ढकलायचं मोठं फावडं गेल्या वर्षीपासून माझ्या गॅरेजमध्ये पडलेलं होतं. ते गाडीत टाकलं.

"फावडं परत करायला चाललोय," मी अॅर्डिसला म्हटलं.

"हो का? आज एकदम शेजारधर्म आठवला वाटतं," ती म्हणाली.

लाइलच्या ओसरीत ब्राइसचे बूट होते, नवे कोरे, दुकानातल्या वासासकट. मी माझे काढले आणि आत गेलो. स्वयंपाकघराच्या टेबलावर कॉम्प्युटर, त्याच्यापुढे लाइल, शेजारी ब्राइस, तळवे मांडीखाली. वेलचीचा पाव कापलेला होता. लाइलने चष्मा कपाळावर चढवलेला आणि तो दोन बोटांनी टर्मिनलमध्ये काहीतरी लिहीत होता. टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिथे कॉम्प्युटरला हुकूम लिहून द्यायचे असतात. लाइल पेल्टोला! ज्याने इतक्या वर्षांत त्या काळ्या खिडकीला कधी बोट लावलं नव्हतं, तो तिच्यात लिहीत होता आणि हसत होता.

"अरे रूडी! ये ये," तो म्हणाला. "बघ, मी काय करतोय!"

"बसा ना," ब्राइस म्हणाला, आणि पायाने खुर्ची पुढे सरकवली. लाइलच्या घरात, लाइलची खुर्ची, मला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभाच राहिलो.

"फावडं द्यायला आलो होतो," मी म्हटलं.

"कुठलं फावडं?" लाइलने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता परत पडद्याकडे वळला. "हां, ब्राइस, आता?"

"आता तू सांग. मेल आहेत की गेले, हे आपल्याला माहीत नाही. असले तर कुठे असतील?"

"डिस्कवर."

"मग कॉम्प्युटरला विचार, बाबा तुझ्याकडे डिस्क किती?"

लाइलने तो छोटा हुकूम लिहिला. एक अक्षर चुकलं, पुसलं, परत लिहिलं. माझी बोटं खिशात आपोआप हलत होती. मला वाटलं, ओरडून सांगावं. मग वाटलं, मुळीच सांगू नये. ब्राइसला याच्यापुढे काही सुचणार नाही, आणि मग दोघं माझ्याकडे बघतील. मी मूग गिळून उभा राहिलो.

"एक डिस्क," लाइल बोट लावून वाचत होता. "तिचे हे तुकडे. आणि... थांब. ही दुसरी कुठली? ही मोठी आहे की! आणि हिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. कुठे जोडलेली नाही ही."

"वा!" ब्राइस खुर्चीत जवळजवळ उडालाच. "मी इथे चार-पाच दिवस नुसता पहिल्या डिस्कवर कोपरे झाडत होतो! ही कुणी बसवली?"

लाइल हळूच माझ्याकडे वळला. "रूडी? तू बसवलीस ना ही?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला विचारलं का कुणी?"

मग त्या ब्राइसने काय करावं? तो माझी स्तुती करायला लागला. "काय डोकं लावलंयत हो! मेल वेगळ्या डिस्कवर ठेवले म्हणून तर वाचले. नाहीतर नवी लिनक्स घालताना सगळे पुसले गेले असते. लाइल, यांनी वाचवलंय तुला." शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं.

लाइलने ती डिस्क मेलच्या नेहमीच्या जागी जोडली. ब्राइसने नुसतं तोंडाने सांगितलं, लिहिलं त्यानेच. असल्या कामाला हुकुमाआधी 'सुडो' असा शब्द लिहावा लागतो. त्याचा अर्थ, हे मी साधा माणूस म्हणून नाही, कॉम्प्युटरचा मालक म्हणून सांगतोय. मग पासवर्ड टाकायचा. डिस्क जोडली गेली, तिच्यातली फोल्डरांची नावं पडद्यावर आली, आणि लाइलने टेबलावर अशी थाप मारली की पावाचे तुकडे उडाले. ब्राइसने त्याच्या पाठीवर थोपटलं. ती थाप, तो आनंद, हे सगळं इतकी वर्षं माझ्या वाट्याचं होतं. मला ते कधी मिळालं नव्हतं ही गोष्ट वेगळी. मी काम संपवायचो तेव्हा लाइल चुलीपाशी असायचा.

"आता मेल उघडायचा ना?" लाइलने विचारलं.

आणि मला धीर धरवला नाही. निदान शेवटचा घास तरी माझ्या हातचा असू दे. "सरक," मी म्हटलं.

लाइलने ब्राइसकडे बघितलं. माझ्याकडे नाही, ब्राइसकडे! मग तो सरकला. मी बसलो आणि दाखवून दिलं की हे काम करतात कसं. प्रोग्रामचं नाव, मेलच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता, एका दमात, खाली न बघता. आणि बोटांना सवय लागलेली, वरच्या सगळ्या ओळी तशाच होत्या, म्हणून पुढे 'सुडो'ही मारलं. पासवर्ड मला पाठ होताच, तो मीच ठेवलेला. एंटर.

प्रोग्राम उघडला आणि सगळे मेल भरभरून वर आले. बायको उचलणाऱ्या सगळ्या जोड्या जागच्या जागी.

"झालं," मी म्हटलं, आणि मागे टेकलो. किती वेळ टेकलो असेन? फार नाही. कारण पडद्याच्या डाव्या बाजूला लाइलचे फोल्डर ओळीने दिसत होते. जत्रा. चर्च. डोना, ही त्याची मुलगी. आणि त्याच्याखाली, ब्राइस.

ब्राइसच्या नावाचा फोल्डर! मी परत वरपासून खालपर्यंत वाचलं. रूडी कुठे नव्हतं. आता मी लाइलला कधी मेल लिहिला नाही हे खरं आहे. आम्ही एकाच गावात राहतो, मेल काय लिहायचा? पण हा ब्राइससुद्धा याच गावात राहतो.

"याच्यात काय असतं?" मी विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला, पण तो जमला नसावा.

"ते? पक्षी," लाइल म्हणाला. "ब्राइसच्या अंगणात दाणे ठेवलेत ना, तिथे येतात त्यांचे फोटो. मी माझ्याकडच्यांचे पाठवतो. परवा त्याच्याकडे घुबड आलं होतं, रूडी, पांढरं!"

"तुला पक्षी कधीपासून आवडायला लागले?"

"मला? लहानपणापासून."

हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत हा माणूस पुढच्या गाडीतून मध्येच ब्रेक दाबायचा आणि आकाशाकडे बघायचा, मी मागून हॉर्न वाजवायचो. मला वाटायचं डुलकी लागली. आणि हा पुलाखालचा काल येतो आणि त्याला ते माहीत! मी प्रोग्राम बंद केला, जरा जोरातच.

"घे, आता तुझा तू उघड," मी म्हटलं आणि उठलो.

लाइलने नेहमीच्या चित्रावर क्लिक केलं. प्रोग्राम उघडेना. पडद्यावर ओळ आली की हे फोल्डर उघडायची तुम्हाला परवानगी नाही. परत क्लिक केलं, परत तीच ओळ.

"आता तर चालत होतं," लाइल म्हणाला.

मला तेवढ्यात कळलं. 'सुडो'ने मेल उघडायचा नसतो. क्लबात नव्या माणसाला मी हे पहिल्या दिवशी सांगतो, दमात घेऊन सांगतो. मालक म्हणून उघडलं की प्रोग्राम ज्या ज्या फायलीत काही लिहितो, ती फाईल मालकाच्या नावावर चढते, आणि मग ज्याची आहे त्याला स्वतःच्याच घरात येऊ देत नाही. शहाण्या माणसाने असा हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

मी ब्राइसकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. त्याचे डोळे त्या माझ्या ओळीवर होते. आता हा बोलणार, मला वाटलं, गोड आवाजात बोलणार, आणि गुरुवारी क्लबात सगळ्यांना कळणार. बोल बाबा, मी मनात म्हटलं, एकदाचं बोल म्हणजे मला तुझा राग तरी नीट करता येईल.

पण तो तळव्यांवर बसून राहिला. "लाइल," तो म्हणाला, "त्या फोल्डरमधल्या फायली कुणाकुणाच्या नावावर आहेत, बघता येईल?"

लाइलने बघितलं. त्याला वेळ लागला. "लाइल, लाइल, लाइल... ही 'रूट'. हीसुद्धा. हे रूट कोण?"

"मालक," मी म्हटलं. माझ्याच तोंडून निघालं. "ते मी केलं. तुझ्या फायली मी मालकाच्या नावावर चढवल्या. चुकून."

"तू?" लाइलचे डोळे मोठे झाले. "तुझी चूक?"

"हो, माझी. आता काय पेपरात देऊ?"

"मग मी काय करू? परत माझ्या नावावर करून घेऊ?" आणि तो ब्राइसला विचारत नव्हता, मला विचारत होता. मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, हात पाठीमागे बांधून, आणि एकदा ते हात सुटून पुढे आले तेव्हा ब्राइस खोकला. लाइलने एकेक अक्षर शोधून हुकूम लिहिला. मग चित्रावर क्लिक केलं. मेल उघडला.

"रूडीची चूक मी निस्तरली!" तो म्हणाला. दोनदा म्हणाला. मग उठून स्वतःच कॉफी ओतायला गेला आणि तिकडून तिसऱ्यांदा म्हणाला. मला काही ते गोड लागलं नाही. मी कॉफी घेतली नाही.

तो मला पोचवायला ओसरीत आला. मी बूट घालत होतो, वाकलेलो होतो, आणि वाकलेल्या माणसाला विचारणं सोपं जातं. "मला फोन का नाही केलास?" मी विचारलं.

"तुला केला असता तर पाच मिनिटांत झालं असतं."

"मग?"

"मग काय. तू गेला असतास."

मी लेस बांधत राहिलो.

"रागावू नकोस," लाइल म्हणाला. "पण तू काही बिघडलं की येतोस, रूडी. यायचं, सरक म्हणायचं, नीट करायचं आणि निघायचं. कॉफीसुद्धा उभ्याने. तो काही बिघडलेलं नसलं तरी येतो. बसतो. आमचं काही फार बोलणं होतं असंही नाही. लिंडा गेल्यापासून घर फार शांत असतं रे."

लिंडा त्याची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हा तिच्या दफनविधीला मी होतो, शवपेटीला खांदा दिला होता. त्यानंतर आठवड्याने त्याचा प्रिंटर बिघडला, तो नीट करून दिला. मला वाटलं होतं मी सगळं केलं.

"फावडं दाराशी ठेवलंय," मी म्हटलं आणि निघालो.

घरी अॅर्डिसने तोंड बघून काही विचारलं नाही, यावरून ओळखा ते कसं झालं असेल. पुढचे दिवस मी लाइलच्या कॉम्प्युटरचं काहीतरी बिघडावं म्हणून वाट बघत होतो. वाय-फाय जावं, कागद अडकावा, काहीही. फोन आला नाही. क्लबात भेटला तेव्हा म्हणाला की प्रिंटर बिघडला होता, पण त्याने स्वतःच केला. ब्राइसलाही विचारावं लागलं नाही. ते ऐकून मला बरं वाटलं, आणि ते का वाटलं हे कळून जरा लाजही वाटली. पण बरं वाटलं ते वाटलंच.

मग एका दुपारी मी गाडी काढली. हातात काही नव्हतं. परत द्यायचं काही उरलं नव्हतं. लाइलच्या दारापुढे मी गाडी बंद केली आणि आत काय सांगायचं ते शोधत बसलो. इंजिन गार झालं, काच आतून धुरकटली, सांगण्यासारखं एक कारण सापडलं नाही. चाळीस वर्षं जुन्या मित्राच्या दारात मी नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखा बसलो होतो. ब्राइस इथे असाच येतो का? दार वाजवतो आणि सरळ आत? मला त्याचा हेवा वाटला, आणि या खेपेला तो मेलचा नव्हता, पक्ष्यांचा नव्हता. नुसतं दार वाजवता येण्याचा होता.

शेवटी लाइलनेच दार उघडलं. "रूडी? काय बिघडलं?"

"काही नाही."

"अॅर्डिस बरी आहे ना?"

"अॅर्डिस बरी आहे. गाडी बरी आहे. सगळं बरं आहे," मी म्हटलं. "मी नुसता आलोय."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बाजूला झाला. स्वयंपाकघरात कॉम्प्युटर बंद होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो, नाहीतर हात गेले असते. लाइलने कॉफी ओतली आणि समोर बसला. आम्ही जत्रेबद्दल बोललो, ते संपलं. बर्फाबद्दल बोललो, तेही संपलं. मग हे असं काही न करता बसणं मला फार जड गेलं. खिडकीबाहेर त्याने दाणे ठेवले होते. एक बारीकसा करडा पक्षी आला.

"हा कुठला?" मी विचारलं.

लाइलने सांगितलं. खूप वेळ सांगत होता.

"ब्राइस येईल आता," मध्येच तो घड्याळाकडे बघून म्हणाला. "तुला घरी जायचं असेल."

"मला कुठे जायचंय?" मी म्हटलं आणि दुसरी कॉफी मागितली. ब्राइस आला, बसला, रस्सा घालून पेस्टी खाल्ली, घुबडाचे नवे फोटो दाखवले, अंधार पडल्यावर उठला आणि बूट घालून गेला. तो गेल्याशिवाय मी जागचा हललो नाही.